मशीन 'फ्लटर' छापतंय, मॉनिटर 'व्हीटी' म्हणून बोंबलतोय आणि पेशंट निवांत: गडबड वायरीत की हृदयात, कसं शोधायचं

प्रॉब्लेम जुनाच आहे आणि कुठून ना कुठून परत येतोच. इसीजी काढला, मशीनने वरती छापलं 'एट्रियल फ्लटर' (हृदयाचे वरचे कप्पे फार वेगाने पण नियमित फडफडणं), नाहीतर 'एट्रियल फिब्रिलेशन' (तेच, पण अनियमित), कधी थेट 'अ‍ॅक्यूट एमआय' (ताजा हार्ट अटॅक), आणि पेशंट मात्र बेडवर मांडी घालून घरच्यांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलतोय, बीपी बरोबर, नाडी बरोबर. रात्रीची वेळ असते, ड्युटीवर एक सिस्टर आणि एक नवीन डॉक्टर, कोण रिस्क घेणार, म्हणून १०८ बोलावून जिल्ह्याला पाठवलं, तिथे परत इसीजी काढला तर नॉर्मल. बरं, एवढं झालं की पुढच्या वेळी सगळे दुसऱ्या टोकाला जातात, जे काही वाकडंतिकडं दिसेल ते 'अरे आर्टिफॅक्ट (वायरीचा नाहीतर हालचालीचा खोटा ठसा) आहे, सोड' म्हणून बाजूला टाकतात, आणि ते जास्त वाईट, कारण मग एखादा खराखुरा ब्लॉक (हृदयातली विजेची वाट अडणं) बेडवर तसाच पडून राहतो.

मी वॉर्डातली माणूस आहे, कार्डिओलॉजिस्ट नाही, त्यामुळे कुठली गोळी द्यायची ते इथे सांगणार नाही. पण कागदावरचा घोळ हृदयाचा की वायरीचा हे ओळखायला कार्डिओलॉजिस्ट लागत नाही. हृदय एकच आहे आणि सगळ्या लीड (इसीजीवरच्या वेगवेगळ्या रेघा) त्याच हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. हृदयाचा रिदम बिघडला तर तो सगळ्यांना दिसणार, कमीजास्त दिसेल पण दिसणार. एक हात हलत असेल, एक चिमटा (हातापायाला लावायचा इलेक्ट्रोड) सैल असेल तर ज्या लीडमध्ये तो हात किंवा तो चिमटा येतच नाही ती लीड स्वच्छ राहते. खाली जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं ह्यावरच चालतं.

त्याआधी एक गोष्ट, वाद नको. कागद कितीही विचित्र असो नाहीतर कितीही चांगला असो, आधी पेशंटकडे बघा. शुद्धीवर आहे का, बोलतोय का, नाडी लागते का, हातपाय गार पडलेत का, घाम फुटलाय का. माणूस आडवा झालाय, श्वास नाही, नाडी नाही आणि तुम्ही वायर हलवून बघताय असं व्हायला नको, तिथे सीपीआर आधी आणि वायर नंतर. आणि छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा पहिला इसीजी खराब आला तर दोन मिनिटांत दुसरा काढायचा, 'सकाळी बघू' नाही.

आता कागद. वरच्या नाहीतर खालच्या पट्टीवर बारीक अक्षरात स्पीड आणि उंची छापलेली असते, २५ मिमी प्रति सेकंद आणि १० मिमी प्रति मिलिव्होल्ट, ते पाहिल्याशिवाय काही वाचू नका. कोणीतरी लहान मुलाचा इसीजी काढताना स्पीड ५० केलेला असतो आणि परत खाली आणलेला नसतो, मग पुढच्या पेशंटचा प्रत्येक क्यूआरएस (ठोक्याची मुख्य टोकदार वेव्ह) रुंद दिसतो आणि रेट निम्मा, आणि लगेच 'ब्रॅडी (रेट मंद) आहे, ब्लॉक आहे' सुरू. कॅलिब्रेशनचा चौकोनी खांब बरोबर दोन मोठे चौकोन उंच पाहिजे, एकच चौकोन असेल तर उंची अर्ध्यावर सेट आहे, सगळ्या वेव्ह बुटक्या दिसणारच. २५ च्या स्पीडला छोटा चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२० सेकंद, आणि खालची लांब पट्टी बहुतेक वेळा दहा सेकंदांची असते. रिदम नियमित असेल तर ३०० ला दोन आर (क्यूआरएसचं वरचं टोक) मधल्या मोठ्या चौकोनांनी भागा, अनियमित असेल तर दहा सेकंदांतले क्यूआरएस मोजून सहाने गुणा. मशीनने छापलेल्या रेटशी हे जुळलं नाही तर मशीनने काहीतरी भलतंच मोजलंय, उंच टी वेव्हला (क्यूआरएसनंतरची गोल वेव्ह) क्यूआरएस समजून दुप्पट रेट छापणं हे तर नेहमीचंच.

हातापायाच्या लीडचा हिशोब

लीड १ म्हणजे उजवा हात आणि डावा हात. लीड २ म्हणजे उजवा हात आणि डावा पाय. लीड ३ म्हणजे डावा हात आणि डावा पाय. एवढं पाठ असलं की चोर कोण ते कागदच सांगतो. लीड १ आणि २ थरथरतायत आणि ३ स्वच्छ, तर दोघांत कॉमन कोण, उजवा हात. १ आणि ३ खराब, २ चांगली, तर डावा हात. २ आणि ३ खराब, १ चांगली, तर डावा पाय. एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ (ह्याच चिमट्यांवरून मशीन काढतं त्या आणखी तीन लीड) मधून पण पडताळा मिळतो, उजवा हात हलत असेल तर एव्हीआर मध्ये सगळ्यात जास्त, एव्हीएल आणि एव्हीएफ मध्ये साधारण निम्मं. छातीच्या लीडमध्ये पण थोडं उतरतं, कारण मशीन छातीच्या लीडसाठी तीन हातापायांची सरासरी वापरतं, पण ते फिकट असतं. आणि सगळ्याच लीडमध्ये सारखाच कचरा असेल तर उजव्या पायाचा काळा चिमटा बघा, तो कुठल्याच लीडमध्ये थेट येत नाही म्हणून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, पण तो ढिला असला की सगळ्यांचंच बिघडतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, चक्कर येते म्हणून मुलाने आणलेले. मशीनने छापलं 'एट्रियल फ्लटर'. लीड २ मध्ये करवतीचे दात, बरोबर एका मोठ्या चौकोनाला एक, म्हणजे मिनिटाला ३००, पुस्तकात असतं तसं. डॉक्टर हेपॅरिनचा (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) विचार करत होते. मी लीड ३ कडे बोट दाखवलं, तिथे प्रत्येक क्यूआरएसच्या आधी छान गोल पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची वेव्ह), मधली बेसलाईन सपाट. लीड १ मध्ये परत दात. म्हणजे उजवा हात. चादर बाजूला केली तर आजोबांचा उजवा अंगठा बोटांवर गोळी वळल्यासारखा सारखा फिरत होता. मुलाला विचारलं, 'बाबांना कंपवाताची गोळी चालू आहे का?' तो म्हणाला, 'हो ताई, पण ती मेंदूची आहे ना, हृदयाची नाही म्हणून सांगितली नाही.' मी आजोबांना म्हटलं, 'आजोबा, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवा आणि शंभरपर्यंत मनातल्या मनात मोजू नका, मोजलं की ओठ आणि हात दोन्ही हलतात.' उजव्या हाताचा चिमटा काढून चिकटवायचा इलेक्ट्रोड खांद्याजवळ लावला, डावाही तसाच खांद्याजवळ, दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत म्हणून. पुढच्या कागदावर दात गायब, साधा सायनस रिदम (हृदयाची नेहमीची लय), रेट ७२. चक्कर कशाची ते नंतर उभ्याने बीपी घेतल्यावर कळलं, तो वेगळा विषय.

योगायोग कसला बघा, पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा असते, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०, आणि एट्रियल फ्लटरचा वेग साधारण त्याच पट्ट्यात, ३०० च्या आसपास. त्यामुळे मशीन फसतं त्यात नवल नाही, माणसंही फसतात. थंडीने कुडकुडणारा पेशंट किंवा घाबरून अंग आवळून झोपलेला पेशंट वेगळा, त्याची थरथर बारीक, टोकदार, अनियमित असते आणि ती जास्त करून फिब्रिलेशनची नक्कल करते. त्याला ब्लँकेट द्या, पंखा बंद करा, उशी नीट करा, खांदे सैल सोडायला सांगा, दोन मिनिटं थांबा आणि मग काढा. हातापायाचे इलेक्ट्रोड खांद्यावर आणि कंबरेजवळ सरकवले तर कागदावर पेनाने तसं लिहा, कारण त्याने वेव्हची उंची आणि अ‍ॅक्सिस (हृदयातल्या विजेची एकूण दिशा) थोडा बदलतो आणि पुढचा माणूस जुन्या इसीजीशी तुलना करताना चक्रावतो.

इथे एक अडचण आहे आणि ती न सांगता पुढे गेले तर हे लिखाण धोक्याचं होईल. खऱ्या फ्लटरमध्ये दात लीड २, ३ आणि एव्हीएफ मध्ये मोठे दिसतात आणि लीड १ बऱ्याचदा जवळजवळ शांत असते. म्हणजे 'लीड १ स्वच्छ आहे, म्हणजे डाव्या पायाची थरथर' असं म्हणून खरं फ्लटर सोडून द्याल. मग करायचं काय, तर व्ही१ (छातीवरची पहिली लीड) बघायची. खऱ्या फ्लटरमध्ये व्ही१ मध्ये छोट्या छोट्या उभ्या वेव्ह ठळक आणि एकसारख्या दिसतात, पायाच्या थरथरीत व्ही१ मध्ये फार काही उमटत नाही. आणि पायाकडे डोळ्यांनी बघा ना, हलतोय का. शिवाय पी वेव्ह शोधा, थरथरीच्या मागे सायनसची पी वेव्ह क्यूआरएसच्या आधी ठराविक अंतरावर कुठे ना कुठे डोकं वर काढतेच.

आणखी एक, तुमचं मशीन सिंगल चॅनलचं असेल, म्हणजे लांबच लांब फीत निघते आणि लीड एकामागून एक येतात, तर वेगवेगळ्या लीड एकाच क्षणाच्या नसतात. कायम चालू असलेली थरथर तरी पकडता येते, पण पेशंट मध्येच खोकला आणि नेमकी त्या वेळी लीड २ चालू होती, तर तिथेच कचरा दिसेल आणि त्यावरून हाताचा हिशोब लावण्यात अर्थ नाही. अशा मशीनवर शंका आली की तीच लीड परत काढा, आणि लीड २ ची निदान अर्धा मिनिट लांब फीत घ्या, कागद महाग असला तरी.

बारीक केसाळ बेसलाईन

हे बहुतेकांना ओळखता येतं पण जात नाही म्हणून वैताग. बेसलाईन जाड, बारीक दातांची, आणि दात एकदम एकसारखे. भिंग नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा, एका मोठ्या चौकोनात दहा दात मोजता आले तर ती आपली ५० हर्ट्झची लाईट आहे, दुसरं काही नाही. सगळ्यात आधी मशीनचा चार्जर काढा आणि बॅटरीवर काढा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. बॅटरी मेलेली असते म्हणून लोक चार्जर लावूनच काढतात आणि चार्जरची तीन पिनची पिन टू-पिनच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये खुपसलेली असते, म्हणजे अर्थिंग गेलंच. शिबिराला शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात इसीजी काढता तेव्हा तर अर्थिंग असेलच ह्याची खात्री नाही, तिथे घरून बॅटरी फुल्ल चार्ज करूनच न्या. मग बेड भिंतीतल्या वायरिंगपासून जरा ओढा, इलेक्ट्रिक बेड असेल तर त्याची पिन काढा, पेशंटच्या उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाईल काढा, पेशंटचा हात लोखंडी कठड्याला टेकलाय का बघा. मशीनमध्ये एसी फिल्टर ५० वर आहे ना तेही तपासा, बाहेरून आलेल्या मशीनमध्ये तो ६० वर असू शकतो आणि आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य.

ह्यानंतरही गेलं नाही तर कातडी. जेली संपलीये म्हणून नुसतं पाणी लावणं चालून जातं, पण खोबरेल तेल, पावडर, घाम, दाट केस ह्यावर चिमटा लावून काही मिळणार नाही, स्पिरिटने पुसा, जरा खसाखसा घासा, केस असतील तर तेवढ्यापुरते काढा. बायकांच्या हातात पाटल्या-बांगड्या असतात आणि चिमट्याची पत्री त्या बांगडीलाच टेकलेली असते, बांगड्या वर सरकवा, पायातलं पैंजण पण. चिमट्याची आणि छातीवर बसवायच्या बल्बच्या वाटीची धातूची बाजू वाळलेल्या जेलीने पांढरी-हिरवी झालेली असते, जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने रोज धुवा, तारेची घासणी वापरू नका. आणि केबल जिथे मशीनमध्ये जाते त्या मानेजवळ आतली तार तुटते, बाहेरून प्लॅस्टिक शाबूत दिसतं. कागद चालू ठेवून ती मान हळूच वाकवून बघा, एका विशिष्ट कोनात लीड उडाली की कळलं.

छातीची जेली हा वेगळाच प्रकार. घाईत छातीवर एक लांब पट्टा ओढतात आणि त्यावर सहा बल्ब बसवतात. जेलीतून करंट जातो, मग व्ही१ ते व्ही६ सगळ्या एकमेकांना जोडल्या जातात आणि सहाही लीड एकमेकींच्या जुळ्या बहिणी दिसतात. प्रत्येक बल्बखाली वेगळा छोटा ठिपका, मध्ये कोरडी कातडी, एवढंच करायचं.

वायरी उलट्या लागल्या

आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. उजव्या हातापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरा, लाल-पिवळा-हिरवा हा सिग्नलचाच क्रम आहे आणि उरला तो काळा. पण केबल बदलली आणि सप्लायरने अमेरिकन रंगांची दिली तर सगळा घोटाळा, त्यात उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. म्हणून नवीन केबल आली की रंग विसरा आणि चिमट्यावरची अक्षरं वाचा.

दोन हातांची अदलाबदल ओळखायला सोपी. लीड १ मध्ये पी, क्यूआरएस, टी तिन्ही उलट्या, एव्हीआर मध्ये सगळं सरळ, आणि मशीनने कुठलातरी भयंकर अ‍ॅक्सिस छापलेला. हृदय खरंच उजव्या बाजूला असलेली माणसं पण असतात, त्यांचीही लीड १ अशीच उलटी, पण त्यांच्यात व्ही१ पासून व्ही६ कडे जाताना आर वेव्ह लहान होत जाते. वायरी उलट्या असतील तर छातीत सगळं नेहमीसारखं, आर वेव्ह वाढत जाते. लीड २ जवळजवळ सपाट रेघ आणि बाकी लीड ठीक, तर उजवा हात आणि उजवा पाय बदललेत. लीड ३ सपाट, तर डावा हात आणि उजवा पाय. दोन पाय आपापसात बदलले तर कागदावर काहीच फरक पडत नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका.

खरा डाव्या हाताचा आणि डाव्या पायाचा घोळ वाईट, कारण कागद अगदी सभ्य दिसतो. लीड १ आणि २ ची जागा बदलते, लीड ३ उलटी होते, एव्हीएल आणि एव्हीएफ ची अदलाबदल होते, आणि हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक लपू शकतो किंवा नसलेला दिसू शकतो. एक खूण म्हणजे पी वेव्ह. एरवी ती लीड २ मध्ये मोठी असते, इथे लीड १ मध्ये मोठी दिसते. पक्की खूण नाही, पण शंका यायला पुरेशी आहे, आणि जुना इसीजी हाताशी असेल तर शेजारी ठेवला की लगेच उघडं पडतं.

छातीच्या जागेबद्दल थोडक्यात. व्ही१ आणि व्ही२ खऱ्या जागेपेक्षा वर लावणं ही देशव्यापी सवय आहे, कॉलरबोनच्या जरा खाली कुठेतरी चिकटवून देतात. गळ्याखालून छातीच्या मधल्या हाडावर बोट खाली फिरवा, एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी, तिथून मोजत चौथ्या फटीत या, हाडाच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. व्ही४ पाचव्या फटीत कॉलरबोनच्या मध्यातून खाली, व्ही३ व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध, व्ही५ आणि व्ही६ व्ही४ च्याच आडव्या रेषेत काखेकडे. वर लावलं की व्ही१ मध्ये पी उलटी, दोन टोकांचा क्यूआरएस, आर वेव्ह वाढतच नाही, आणि मशीन 'जुना सेप्टल इन्फार्क्ट' (हृदयाच्या मधल्या पडद्याचा जुना अटॅक) छापतं. बाईपेशंटच्या बाबतीत संकोचाने वर लावलं जातं हे कळतं मला, पण पडदा ओढा, बाई स्टाफ बोलवा, वर चादर द्या आणि बल्ब जागेवरच लावा.

एक विचित्र नमुना सांगून ठेवते, कारण तो हृदयाच्या ठोक्याबरोबरच येतो आणि म्हणून कोणी आर्टिफॅक्ट मानत नाही. चिमटा बरोबर मनगटाच्या नाडीवर बसला आणि नाडी जोरात उडणारी असली की प्रत्येक ठोक्याला इलेक्ट्रोड हलतो आणि प्रत्येक क्यूआरएसनंतर राक्षसी टी वेव्ह उमटते. इथेही तोच हिशोब, एक लीड धडधडीत नॉर्मल सापडते. चिमटा चार बोटं वर सरकवा आणि परत काढा. डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताला तर चिमटा लावूच नका, दोन्ही बाजूंना खांद्यावर घ्या. पण त्याच डायलिसिसच्या पेशंटला उंच टोकदार टी वेव्ह सगळीकडे दिसत असतील तर ते रक्तात वाढलेलं पोटॅशियम असू शकतं, तिथे चिमट्याशी खेळत बसू नका, डॉक्टरांना हाक मारा.

मॉनिटर ओरडतोय

आयसीयूत सकाळी व्हीटीचा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली धोकादायक वेगवान लय) अलार्म वाजला की मी आधी बघते पेशंट दात घासतोय का. हसू नका, दात घासताना, अंग खाजवताना, छातीची फिजिओ चालू असताना मॉनिटरवर हुबेहूब व्हीटी उमटते. सॅच्युरेशनची (बोटावरच्या क्लिपची) वेव्ह खालच्या ओळीत शांतपणे नेहमीच्या लयीत चालू असेल तर रक्त नीट पुढे जातंय. मग स्ट्रिप प्रिंट करा, घोळाच्या आधीच्या चांगल्या भागातलं दोन आर मधलं अंतर एका कोऱ्या कागदाच्या कडेवर पेनाने खुणा करून घ्या, आणि तो कागद घोळावरून पुढे सरकवत न्या. त्या त्या खुणेखाली बारीक टोक दिसत गेलं, गोंधळातून क्यूआरएस आपल्या वेळेवर चालत राहिलेत असं दिसलं, तर हृदय त्या सगळ्या वेळात सायनसमध्येच होतं. खरी व्हीटी असेल तर नेहमीचे अरुंद क्यूआरएस मध्ये सापडत नाहीत, फार तर एखादाच निसटता ठोका अरुंद येतो, पी वेव्ह वेगळ्याच चालीने चालतात, आणि संपल्यावर बहुतेकदा एक विराम येतो. १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ पेशंटची हकीकत छापून आली होती, आर्टिफॅक्टलाच व्हीटी समजलं गेलं, काहींना विनाकारण कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) नेलं, एकाला पेसमेकर आणि एकाला शॉक देणारं यंत्र सुद्धा बसवलं गेलं. ही मोठ्या देशातली मोठी हॉस्पिटलं, तर आपण रात्री तीनला फसलो तर फार लाजायला नको, पण स्ट्रिप जपून ठेवा एवढं मात्र खरं.

सपाट रेघ आली तर पेशंट बघा (वर सांगितलंच), आणि तो बोलत असेल तर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ म्हणजे वायर सुटलीये. खऱ्या असिस्टोलमध्ये (हृदय पूर्ण थांबलेलं) रेघ जराशी तरंगते. पेशंट प्रतिसाद देत नसेल तर सीपीआर चालू ठेवूनच दुसऱ्याने लीड बदलून आणि गेन (वेव्हची उंची) वाढवून बघायचं, बारीक व्हीएफ (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) पण लांबून सपाट दिसते.

आणि उलटं, मशीन 'नॉर्मल' म्हणतं तेव्हा

इथे जास्त नुकसान होतं म्हणून थांबून वाचा. रेट बरोबर १५० च्या आसपास, एकदम नियमित, पाणी देऊन, ताप उतरवून, झोपवून तासभर झाला तरी १५० चा १५०, आणि मशीन म्हणतं 'सायनस टॅकीकार्डिया'. हे बऱ्याचदा फ्लटर असतं, दोनास एक पुढे जाणारं, एक दात टी वेव्हमध्ये लपलेला. सायनसचा रेट असा खिळा ठोकल्यासारखा राहत नाही, माणूस हलला, बोलला की पाचदहाने खालीवर होतो. रेट ३८, मशीन म्हणतं 'सायनस ब्रॅडी'. कागदाच्या कडेवर पी वेव्हच्या खुणा करा आणि सरकवा, पी आपल्या अंतराने चालतायत, क्यूआरएस आपल्या अंतराने, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तर तो कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे, थांबू नका. पीआर (पी पासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर) हळूहळू लांबत जाऊन एक ठोका गळतो आणि परत तेच, तो वेंकेबॅक, ब्लॉकचाच सौम्य प्रकार. पीआर तेवढाच असताना अचानक ठोका गळतो, तो जास्त धोक्याचा, त्याला तर लगेचच कळवायचं.

फिब्रिलेशनचं पण कडेच्या खुणांनीच ठरतं. पाच-सहा आर च्या खुणा करून सरकवल्या आणि कुठेच जुळेना, कुठलीच नक्षी सापडेना, पी वेव्ह एकाही लीडमध्ये नाही, तर ते एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. खुणा तंतोतंत जुळल्या तर बेसलाईन कितीही थरथरू दे, एएफ म्हणायची घाई नको. तरुण पोराचा रेट श्वास घेताना वाढतो, सोडताना कमी होतो, पी वेव्ह मात्र प्रत्येकाला आहे, तर ते नॉर्मल, मशीन काहीही छापो. मध्येच एखादा ठोका लवकर येऊन सगळी लय विस्कटते तेव्हाही मशीन एएफ छापतं, त्या लवकर आलेल्या ठोक्याआधी पी आहे का ते टी वेव्हच्या कुशीत शोधा. मनगटावरच्या घड्याळाच्या इसीजीवर हे सगळं जमेलच असं नाही, तिथे एकच लीड असते, ताडून बघायला दुसरी नसते, त्यामुळे घड्याळाने काही दाखवलं तर बारा लीडचा काढून घ्या.

फिल्टरबद्दल मी जरा कडक आहे. रेघ सुंदर दिसावी म्हणून ३५ नाहीतर ४० हर्ट्झचा मसल फिल्टर कायम चालू ठेवतात. त्याने कचरा जातो आणि त्याबरोबर आर वेव्हची उंची, क्यूआरएसमधल्या बारीक खाचा आणि पेसमेकरचे टोक पण जातात, पेसमेकर बसवलेल्या माणसाचा स्पाईक दिसतच नाही. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा १५० वर ठेवा, आणि फिल्टर लावावाच लागला तर एक कागद फिल्टरशिवायचा पण जोडा. श्वासाबरोबर वरखाली डोलणारी बेसलाईन फिल्टरने सरळ करायची म्हणजे खालची मर्यादा ०.०५ वरून ०.५ करायची, आणि त्यात एसटी (क्यूआरएस आणि टी मधला भाग, अटॅक तिथेच बघतात) वाकडा होतो. त्यापेक्षा सैल बल्ब बदला आणि पेशंटला हळू श्वास घ्यायला सांगा.

वरच्या डॉक्टरांना मोबाईलवर फोटो पाठवताना कागद टेबलावर सपाट ठेवून, वरून, सावली न पाडता काढा, कॅलिब्रेशनचा खांब, स्पीडची बारीक अक्षरं आणि वेळ फोटोत आलीच पाहिजे. पेशंटचं नाव मात्र बोटाने झाका. नुसती लीड २ क्रॉप करून पाठवू नका, वरचा सगळा हिशोब बाकीच्या लीडवरच आहे. सोबत लिहा: दुखतंय की नाही, बीपी किती, हात थरथरतो का, इलेक्ट्रोड खांद्यावर घेतलेत का, फिल्टर कुठला. आणि थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडतो म्हणून फाईलला झेरॉक्स लावा. नातेवाईक कौतुकाने इसीजी लॅमिनेट करून आणतात, त्यांना डिस्चार्जच्या वेळीच सांगून ठेवा की तसं करू नका, लॅमिनेशनच्या मशीनच्या उष्णतेने आख्खा कागद काळा होतो आणि पुढच्या वेळी ताडून बघायला काही उरत नाही.